मॅग्नेशियमचा पत्रा : रोलिंगच्या आधी भट्टीत नेमकं काय घडतं?

लोखंडी चणे

इलेक्ट्रिक गाड्यांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा इतकं हलकं आहे (घनता १.७४ विरुद्ध २.७०), तर गाड्यांचे पत्रे त्याचे का करत नाहीत. तिथे उत्तर लिहिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

थोडक्यात सांगायचं तर मॅग्नेशियमचं ओतकाम जमतं, लाटणं (रोलिंग) जड जातं. गिअरबॉक्सची कव्हरं, स्टिअरिंगचे सांगाडे, लॅपटॉपच्या बॉडी हे सगळं बहुतांशी डाय कास्टिंग, एझेड९१ किंवा एएम६० मिश्रधातूचं. पत्रा हा या धंद्याचा छोटासा कोपरा आहे आणि त्यात मुख्यत्वे एझेड३१ चालतो, म्हणजे ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का जस्त, चिमूटभर मँगनीज, बाकी मॅग्नेशियम.

अडचण स्फटिकरचनेत आहे. अ‍ॅल्युमिनियमची रचना घनाकृती, त्यामुळे अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरायला भरपूर वाटा. मॅग्नेशियमची रचना षट्कोनी. साध्या तापमानाला सहज घसरतं ते फक्त तळाचं प्रतल, ज्याला बेसल म्हणतात. धातूला न फाटता हवा तो आकार घ्यायचा असेल तर घसरण्याच्या ५ स्वतंत्र वाटा लागतात, बेसल प्रतल देतं २. उरलेली गरज ट्विनिंग भागवतं, म्हणजे स्फटिकाचा एक पट्टा एकदम ८६ अंशांत वळतो. ते थोडं फार पुरतं, मग चीर. साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र इतर प्रतलंही घसरू लागतात. म्हणून एझेड३१ हा ३०० ते ४५० अंशांच्या दरम्यान लाटतात.

इथपर्यंत कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. खरी गंमत अशी की एकाच ओतातल्या दोन स्लॅब, तीच मिल, तेच तापमान, जाडीत तेवढीच घट. एक नीट निघते आणि दुसरीच्या दोन्ही कडा करवतीसारख्या दातेरी होतात. लोक मग मिलवाल्याला धरतात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष रोलचा नसतो, त्याआधीच्या भट्टीचा असतो.

कारण 'रोलिंगआधी गरम केलं' या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

होमोजिनायझिंग : ओतीव धातू सगळीकडे सारख्या रचनेचा नसतो. घट्ट होताना डेंड्राइटच्या (झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) फांद्यांच्या गाभ्यात अ‍ॅल्युमिनियम कमी राहतं आणि फांद्यांच्या फटीत साचत जातं. तिथे १७ अणू मॅग्नेशियमला १२ अणू अ‍ॅल्युमिनियम असं संयुग तयार होतं, बीटा म्हणतात त्याला. कडक आणि ठिसूळ. एझेड३१ मध्ये खरं तर ते असायला नको, कारण ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम २०० अंशांच्या वर मॅग्नेशियममध्ये पूर्ण विरघळून राहू शकतं. पण ओतकाम इतक्या घाईत थंड होतं की विरघळायला सवड मिळत नाही. मग ४०० ते ४२० अंशांना १० ते २४ तास ठेवून ही फटीतली गर्दी पांगवायची.

प्री-हीट : लाटण्याआधी स्लॅब लाटण्याच्या तापमानाला आणणं. काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत. याने धातू मऊ होतो, पण रचनेतली विषमता जवळजवळ तशीच राहते.

पासांमधली री-हीट (पास म्हणजे रोलमधून एक फेरी) : पत्रा पातळ होत जातो तसा झपाट्याने गार होतो, म्हणून पुन्हा पुन्हा भट्टीत. इथे विकृत झालेल्या कणांच्या (कण म्हणजे धातूतला एकेक स्फटिक) जागी नवे कण उगवतात.

पहिलं काम दुसऱ्यावर भागवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वीजबिल. तिथेच कडा फाटतात.

सायकलवारी

मस्त धागा. तो मूळ प्रश्न विचारणारा मीच. एक शंका : मॅग्नेशियम हलकं असलं तरी लवचिकही जास्त आहे ना? मग जाडी वाढवावी लागेल, वजन पुन्हा तेवढंच.

लोखंडी चणे

रास्त शंका. मॅग्नेशियमचा यंग मापांक ४५ गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०, पोलादाचा २०० च्या वर. पण सपाट पत्र्याचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमइतका ताठपणा हवा असेल तर जाडी १६ टक्केच वाढवावी लागते आणि तरीही वजन साधारण पाव भागाने घटतं. पोलादाच्या तुलनेत जाडी १.६६ पट, वजन मात्र जेमतेम ३७ टक्के. गाडीचं छत, बॉनेट अशा जागी हे गणित फार आकर्षक आहे. सायकलच्या नळीला तेवढं नाही, तिथे व्यासाचा खेळ असतो.

जुनी विमानं

पत्रा लाटणं 'जड जातं' याला माझा किंचित आक्षेप. अमेरिकेच्या बी-३६ बाँबरच्या अंगावर इतका मॅग्नेशियम पत्रा होता की त्याला 'मॅग्नेशियमचं आभाळ' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. पहिलं उड्डाण १९४६ चं. त्याआधी १९३५ साली बुगाटीने एरोलिथ ही गाडी इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियम मिश्रधातूत केली. वेल्डिंग जमेना म्हणून मधोमध शिवण काढून रिवेट मारले आणि ती शिवणच पुढे त्या गाड्यांची ओळख झाली.

(अवांतर : १९५५ च्या ल माँ शर्यतीत जळालेली मर्सिडीज ३००एसएलआर, तिची बॉडीही मॅग्नेशियम मिश्रधातूचीच होती. आग विझवायला पाणी मारलं आणि ती आणखी भडकली.)

लोखंडी चणे

मान्य, 'महागात जमतं' म्हणायला हवं. पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमला गरम मिलमध्ये एका दमात उतरवता येतं. इथे दर पासाला १० ते ३० टक्के घट, मग भट्टी, मग पुन्हा पास. बाँबरच्या बजेटात ते बसतं, मारुतीच्या नाही.

एमटेकची पोर

सर, माझा प्रकल्प याच विषयावर आहे, म्हणून जरा हक्काने विचारते. होमोजिनायझिंगने विषमता जात असेल तर जितका वेळ जास्त तितकं चांगलं, असं का नाही? आमच्याकडे २४ तास ठेवायची पद्धत आहे, 'सगळेच ठेवतात' एवढंच कारण.

लोखंडी चणे

ताई, सर नको, हा धागा आहे.

वेळ दोन घड्याळांवर चालतो. पहिलं घड्याळ विसरणाचं. अ‍ॅल्युमिनियमच्या अणूला डेंड्राइटच्या एका फटीतून शेजारच्या गाभ्यापर्यंत जायचं असतं आणि लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर पाचपट कमी केलं तर वेळ पंचवीस पट कमी. जाड वाळूच्या साच्यातल्या ओताला जिथे ढोबळमानाने ७-८ तास लागतील, तिथे पातळ आणि झटपट गोठलेल्या पट्टीला अर्ध्या तासातही पुष्कळ काम होतं. म्हणजे 'किती तास' याचं उत्तर तुमच्या ओताच्या डेंड्राइट अंतरात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजल्याशिवाय २४ तास म्हणणं म्हणजे रोग न बघता डोस ठरवणं.

दुसरं घड्याळ कणवाढीचं. ४०० च्या वर कण हळूहळू वाढतात. बीटा विरघळला की कणसीमांना अडवून धरणारं फारसं कुणी उरत नाही, मँगनीज-अ‍ॅल्युमिनियमचे काही तुकडे सोडले तर. (ते तुकडे विरघळत नाहीत, कितीही तास ठेवा.) मोठे कण रोलखाली दोन प्रकारे नडतात. एक, मोठ्या कणात ट्विनिंग लवकर सुरू होतं, ट्विन एकत्र येऊन कातरपट्टे होतात आणि पहिली चीर त्या पट्ट्यातून धावते. दुसरं, गरम रोलिंगमध्ये नवे बारीक कण मुख्यतः जुन्या कणांच्या सीमेवर उगवतात. कण मोठे म्हणजे एकूण सीमाच कमी. मग सीमेवर बारीक कणांची माळ आणि मधे जुना ढोबळ कण तसाच, असं चित्र दिसतं. तो मधला भाग आणि माळ वेगवेगळ्या वेगाने ताणले जातात.

म्हणजे तुम्हाला विषमता गेली आणि कण अजून वाढले नाहीत अशी खिडकी शोधायची आहे. तुमच्या प्रकल्पाचं शीर्षकच तिथे आहे, माझ्या मते.

भोसरीकर भट्टी

मी हीट ट्रीटमेंटवाला, डिग्री वगैरे नाही, आयटीआय. आमच्याकडं एझेड९१ चे कास्टिंग टी-४ ला, म्हणजे तापवून फटीतला बीटा विरघळवायला, येतात अधूनमधून. चार्टला ४१३ अंश लिहिलेलं असतं, १६ ते २४ तास. आणि २६० च्या पुढं हळूहळू चढवा असं ठळक. नव्या पोराला हे सांगितलं की तो म्हणतो, चढवायचंच आहे तर पटकन चढवू की. ४१३ च्या पुढं जाऊ नका हे त्याला पटतं, पण हळू का हे पटत नाही. कुणीतरी नीट सांगा, मी फोनवर त्याला वाचून दाखवतो.

लोखंडी चणे

वाचून दाखवा.

मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं युटेक्टिक, म्हणजे त्या दोघांचं सर्वात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, ४३७ अंशांना वितळतं. मिश्रणात जस्त असलं की फटीत ते अजून खाली सरकतं. ओतीव एझेड९१ च्या फटीत हे युटेक्टिक बसलेलंच असतं. सावकाश चढवलं तर ४०० गाठेपर्यंत त्यातलं बरंचसं अ‍ॅल्युमिनियम शेजारच्या धातूत पांगलेलं असतं, म्हणजे वितळायला तिथे उरतच नाही. झटकन चढवलं आणि भट्टीचा एखादा कोपरा १५-२० अंशांनी जास्त तापला, तर फटी आतल्या आत वितळतात. बाहेरून नग ठणठणीत दिसतो. आत कणसीमांवर पोकळ्या. त्यावर पुन्हा कसलीही उष्णता प्रक्रिया करून तो दुरुस्त होत नाही आणि रोलखाली गेला तर पहिल्याच पासात उघडा पडतो.

एझेड३१ ला इतकी भीती नाही, अ‍ॅल्युमिनियम कमी आहे. झेडके६० सारख्या जस्तवाल्या मिश्रधातूला उलट फार जपावं लागतं, मॅग्नेशियम-जस्ताचं युटेक्टिक ३४० च्या आसपास आहे. तिथे दोन टप्प्यांत चढवणं हाच धर्म.

आणि त्या पोराला आणखी एक सांगा. अ‍ॅल्युमिनियमची नायट्रेट मिठाची भट्टी शेजारीच असेल तर मॅग्नेशियमचा नग चुकूनही त्यात सोडायचा नाही. तो स्फोट असतो.

भोसरीकर भट्टी

आमच्या शेजारच्या शेडमध्ये नायट्रेट बाथ आहे. बरं झालं बोललात. वाचून दाखवलं, पोरगं गप्प झालं.

मुक्काम फ्रायबर्ग

धागा उशिरा दिसला. मी सॅक्सनीत फ्रायबर्गला असतो, इथल्या खाण-धातू विद्यापीठाच्या गावात. ट्विन-रोल कास्टिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर टाकतो, कारण वर जे अंतराच्या वर्गाचं गणित आलंय त्याचा सर्वात मोठा फायदा तिथेच घेतलाय.

जुन्या रीतीत जाड स्लॅब ओता, तासन्‌तास होमोजिनाइज करा, मग कित्येक पास देऊन २ मिलिमीटरवर आणा. ट्विन-रोलमध्ये वितळलेला धातू थेट दोन फिरत्या थंड रोलांच्या मध्ये सोडतात. तो तिथेच गोठतो आणि ५-६ मिलिमीटर जाडीची पट्टी बाहेर पडते. एका झटक्यात निम्म्याहून जास्त पास वाचले. गोठणं इतकं जलद की डेंड्राइट बारीक, म्हणून त्यानंतरची उष्णता प्रक्रिया तासा-दोन तासांत भागते. दक्षिण कोरियात पोस्कोने सुनचॉनला २००७ पासून असे पत्रे काढायला सुरुवात केली. पोर्शे ९११ जीटी३ आरएसच्या २०१५ च्या मॉडेलचं छत मॅग्नेशियम पत्र्याचं होतं, तो पत्रा त्यांचाच.

पण फुकट काहीच नाही. पट्टी दोन्ही बाजूंनी गोठत मध्यावर येते, त्यामुळे शेवटचा अ‍ॅल्युमिनियमश्रीमंत द्रव बरोबर मध्यरेषेवर अडकतो. फांद्यांमधली विषमता तासाभरात जाते, ही मध्यरेषेची पट्टी जात नाही, कारण तिथे अंतर मायक्रॉनमध्ये नाही, शेकडो मायक्रॉनमध्ये आहे. वर्गाचं गणित इथे उलटं अंगावर येतं. ती पट्टी ओततानाच टाळायची. भट्टीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक. या पट्टीत ओततानाच थोडं रोलिंग होऊन गेलेलं असतं, आत विकृतीची ऊर्जा साठलेली असते. त्यामुळे ४०० च्या वर ठेवल्यावर विषमता तर जातेच, शिवाय डेंड्राइटच्या जागी नवे समआकाराचे कण उगवतात. जाड स्लॅबला होमोजिनायझिंगमध्ये कण वाढण्याची भीती, इथे सुरुवातीला ते सुधारतात. एकच तापमान, उलटे परिणाम.

काठावरचा

वाचतोय. म्हणजे कणीक भिजवून झाकून ठेवतात तसंच हे, बरोबर ना? लगेच लाटली तर कडा फाटतात.

लोखंडी चणे

उपमा आवडली, पण ती पासांमधल्या री-हीटला जास्त लागू आहे. झाकून ठेवलेल्या कणकेत ताण सैल होतो, तसं तिथे होतं. होमोजिनायझिंगमध्ये अणूंचं स्थलांतर आहे आणि कणीक रात्रभर ठेवली म्हणून एका कोपऱ्यातलं मीठ दुसऱ्या कोपऱ्यात फारसं जात नाही.

एमटेकची पोर

माझ्या गाइडचं म्हणणं आहे की एझेड३१ वर खूप काम झालंय, एझेड९१ घे. आणि त्यात रोलिंगआधी फक्त विरघळवायचं की विरघळवून पुन्हा एजिंग करून (कमी तापमानाला ठेवून) बीटा बाहेर काढायचा, याची तुलना कर. मला हे उलटंच वाटतं. आधी कष्टाने ठिसूळ बीटा घालवायचा आणि मग मुद्दाम परत आणायचा?

मुक्काम फ्रायबर्ग

मी 'परत आणू नका' पक्षाचा. टी-४ करा, पाण्यात क्वेंच (झटकन गार) करा, अतिसंपृक्त धातू, म्हणजे मावेल त्याहून जास्त अ‍ॅल्युमिनियम विरघळलेला, तसाच रोलखाली घाला. ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम पूर्ण विरघळायला ३७० च्या वर तापमान लागतं. लाटणार तुम्ही ३०० ते ३५० ला. म्हणजे लाटतानाच बीटा बाहेर पडायला लागणार, आणि पडणार कुठे, तर नुकत्याच उगवलेल्या नव्या कणांच्या सीमांवर. जिथे कणवाढ अडवायची आहे नेमक्या तिथे. वेगळ्या एजिंगचे तास कशाला घालवायचे?

लोखंडी चणे

मी दुसऱ्या पक्षाचा, निदान अर्धा. लाटतानाच्या बीटावर तुमचा ताबा किती? पत्रा पासागणिक गार होतो, री-हीटमध्ये पुन्हा चढतो, बीटा कधी बाहेर कधी आत. पत्र्याच्या मध्यात एक, कडेला दुसरंच. आधी २०० च्या आसपास एजिंग करून ठेवलं तर कणांच्या आत सगळीकडे बारीक बीटा विखुरलेला मिळतो आणि पहिल्या पासापासून तो हजर असतो. त्यातले एखाद्या मायक्रॉनपेक्षा मोठे तुकडे स्वतःभोवती विकृती साठवतात, तिथे नवे कण जन्मतात. बारीक तुकडे सीमांना रोखतात. दोन्ही कामं.

पण यात एक सापळा आहे, तो ताईंनी आधीच लक्षात ठेवावा. टी-४ नंतर नग हवेत सावकाश गार होऊ दिला तर बीटा नको त्या रूपात येतो, कणसीमेवरून आत शिरणाऱ्या पातळ पातळ पदरांच्या रूपात. ते पदर असलेला धातू लाटायला ओतीव धातूपेक्षा फार बरा नसतो. तुलना करताना एका नमुन्याला क्वेंच आणि दुसऱ्याला हवेत गार केलंत तर तुम्ही एजिंगची तुलना करतच नाही आहात.

आणि बीटा असला म्हणजे ताकद वाढेलच हा समजही सोडा. एझेड९१ मध्ये बीटाच्या चकत्या बेसल प्रतलाला समांतर वाढतात. घसरणही त्याच प्रतलावर. म्हणजे चकती वाटेत आडवी येत नाही, वाटेच्या कडेला पडून राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंत एजिंगने जी झेप दिसते ती इथे दिसत नाही, ती यामुळेच. डब्ल्यूई४३ सारख्या दुर्मिळ मृदा घातलेल्या मिश्रधातूंत चकत्या उभ्या प्रतलांवर वाढतात, तिथे परिणाम जोरदार. आपल्या एझेड९१ मध्ये रोलिंगआधीच्या बीटाचा खरा फायदा ताकदीत थेट नाही, कणांच्या आकारात आहे. आणि कणांचा आकार मॅग्नेशियममध्ये फार मोलाचा.

मुक्काम फ्रायबर्ग

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पहिल्याशी नाही. एजिंगचा बीटा तरी सगळीकडे सारखा पडतो कुठे? टी-४ अर्धवट झालं असेल तर तो पुन्हा जुन्या फटीतच गोळा होतो.

लोखंडी चणे

म्हणजे आपण दोघंही शेवटी टी-४ वरच भांडतोय. आधीचं विरघळवणं पूर्ण झालं नसेल तर पुढचे दोन्ही मार्ग सारखेच वाईट. ताई, यावरूनच प्रकल्पाची पहिली पायरी ठरवा.

सायकलवारी

कणांचा आकार 'फार मोलाचा' म्हणजे किती?

लोखंडी चणे

हॉल-पेचचा नियम : कण जितका बारीक तितकी ताकद जास्त, कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. त्यातला गुणक मॅग्नेशियम मिश्रधातूंसाठी २८० च्या आसपास धरतात (मेगापास्कल आणि मायक्रॉनच्या एककात), अ‍ॅल्युमिनियमसाठी ७० च्या खाली. कण २५ मायक्रॉनवरून ४ मायक्रॉनवर आणला तर मॅग्नेशियममध्ये कणसीमांचा वाटा ५६ वरून १४० मेगापास्कलवर जातो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तेवढ्याच कष्टात विसेक मेगापास्कल हाती लागतात. शिवाय बारीक कणात ट्विनिंग मागे पडतं, त्यामुळे ताकदीबरोबर ताणही (तुटेपर्यंत लांबणं) सुधारतो.

हँडबुकातले आकडे बघा. एझेड३१ चा पूर्ण मऊ केलेला ओ टेंपरचा पत्रा : तन्यबल साधारण २५५ मेगापास्कल, यील्ड (जिथून आकार कायमचा बदलू लागतो) १५०, ताण २१ टक्के. एच२४ म्हणजे लाटून अर्धवट मऊ केलेला : २९०, २२० आणि १५ टक्के. फरक यील्डमध्ये जास्त दिसतो. त्यात कणांच्या आकाराचाही वाटा आहे आणि लाटण्याने साठलेल्या विकृतीचाही. हा एच२४ पत्रा नंतर १५० अंशांच्या वर वापरला की कमावलेलं हळूहळू गळून जातं, हे विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

जुनी विमानं

आणि वाकवताना? एझेड३१ चा पत्रा साध्या ब्रेकवर (पत्रा दुमडायच्या यंत्रावर) दुमडायला गेलेला एक ओळखीचा माणूस अजून त्या पत्र्याला शिव्या देतो.

लोखंडी चणे

थंड वाकवायचा तर ओ टेंपरला आतली त्रिज्या जाडीच्या साडेपाच पट आणि एच२४ ला ८ पट धरतात. त्याहून कमी हवी तर पत्रा गरम करा. रोलिंगआधीच्या उष्णता प्रक्रियेची मर्यादा इथे उघडी पडते.

रोलखाली दाबल्यावर जवळजवळ सगळ्या कणांची बेसल प्रतलं पत्र्याला समांतर निजतात. याला बेसल टेक्स्चर म्हणतात. मग पत्रा जाडीच्या दिशेने पातळ व्हायला तयारच होत नाही, ताणला की सरळ फाटतो. होमोजिनायझिंग कितीही सुरेख करा, टेक्स्चर फार हलत नाही. कडेच्या चिरा गेल्या, ताकद आली, कण बारीक झाले, आणि तरीही पत्रा थंड अवस्थेत खोल ओढता येत नाही. अनेक प्रबंध इथे येऊन 'फॉर्मेबिलिटी (न फाटता आकार घेणं) सुधारली' असं लिहितात. कडेच्या चिरा कमी होणं आणि फॉर्मेबिलिटी सुधारणं या एकच गोष्टी नाहीत.

टेक्स्चरला हात घालायचा तर दोन रस्ते. एक, मिश्रधातूच बदला. कॅल्शियम किंवा दुर्मिळ मृदा अगदी थोड्या घातल्या तरी प्रतलं विखुरतात, झेडई१० हे त्यातलं जुनं उदाहरण. दुसरा, शेवटच्या पासाआधी पत्रा ४५० च्या वर, पार ५०० च्या पुढे तापवून लाटायचा आणि मग मऊ करायचा. यावर जपानच्या नागोयात चांगलं काम झालंय. हा दुसरा रस्ता फक्त एझेड३१ सारख्या कमी अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचा. एझेड९१ ला ५०० म्हणजे वितळलेली कणसीमा.

भोसरीकर भट्टी

आमच्याकडं एक मिलवाला विचारत होता, भट्टी ते रोल अंतर किती चालेल. त्याच्याकडं भट्टी शेडच्या या टोकाला, मिल त्या टोकाला. पोलादाच्या पट्ट्या तशाच नेतो.

लोखंडी चणे

पोलादाच्या सवयीने नेऊ नका म्हणावं. घनसेंटिमीटरमागे मॅग्नेशियम साधारण पोलादाच्या निम्मीच उष्णता साठवतं. तेवढ्याच जाडीचा पत्रा, तेवढीच उष्णता गेली, तर तापमान दुप्पट घसरणार. त्यात रोल थंड असतील तर पत्र्याची कातडी टेकताक्षणी गार, पोट गरम, आणि कडा तर दोन्हीकडून गार. ४०० ला काढलेला २ मिलिमीटरचा पत्रा रोलमध्ये शिरताना किती असतो हे मोजलं की माणूस चकित होतो. भट्टी मिलच्या तोंडाशी आणा आणि रोल शंभर-दीडशेपर्यंत तापवा. होमोजिनायझिंगवर २० तास खर्च करून शेवटच्या १० पावलांत ते घालवू नये.

आणि भट्टीत गंजाच्या खपल्या, जुन्या पोलादी नगांचा स्केल पडलेला नको. मॅग्नेशियम आणि लोखंडाचं ऑक्साइड ही जोडी वाईट. ४०० च्या वर दीर्घकाळ ठेवायचं तर संरक्षक वायू हवा. पूर्वी एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू) सर्रास सोडत, आता तो टाळतात, कारण हवामानावर त्याचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त. कार्बन डायऑक्साइड किंवा थोडा सल्फर डायऑक्साइड चालतो. पण लक्षात ठेवा, कार्बन डायऑक्साइड भट्टीतलं वातावरण म्हणून ठीक. पेटलेल्या मॅग्नेशियमवर मारला तर आग तोही खाते. त्यासाठी डी वर्गाची कोरडी पावडर जवळ ठेवा.

एमटेकची पोर

सगळ्यांचे आभार. असं ठरवतेय : एझेड९१ च घेते. टी-४ च्या ४ वेगवेगळ्या वेळा, सगळे नमुने क्वेंच. जिथे बीटा पूर्ण गेला आणि कण अजून वाढले नाहीत ती वेळ पक्की करायची. मग त्याच वेळेचे दोन गट, एक थेट रोलिंगला, दुसरा एजिंग करून. तपासायचं काय काय?

मुक्काम फ्रायबर्ग

कडेच्या चिरांची लांबी पासागणिक मोजा, फक्त 'कमी झाल्या' लिहू नका. मध्यात आणि कडेला वेगळी कठिणता घ्या. एचिंगला (सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसावेत म्हणून पृष्ठभाग खरवडायला) पिक्रिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्लाचं नेहमीचं मिश्रण वापराल. पिक्रिकची बाटली कधी कोरडी पडू देऊ नका, सुकलं की ते स्फोटक असतं. आणि तन्यता चाचणी रोलिंगच्या दिशेला आणि आडवी, दोन्हीकडे. एकाच दिशेचे आकडे देणाऱ्या निबंधांवर माझा विश्वास बसत नाही.

लोखंडी चणे

आणि एक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) नमुन्यात भोक पाडून त्याच्या पोटात बसवा. प्रयोगशाळेतल्या मफल भट्ट्यांमध्ये डिस्प्लेवरचा आकडा आणि नमुन्याचं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो. एझेड९१ ला ४१३ आणि ४३७ मधलं अंतरच २४ अंशांचं आहे. दाराजवळ, मध्ये आणि मागे, तिन्ही जागी एकेकदा मोजा आणि मग नमुने कुठे ठेवायचे ते ठरवा.

भोसरीकर भट्टी

ताई, भोसरीत असाल तर आमच्याकडं या. कॅलिब्रेट केलेलं थर्मोकपल आणि रेकॉर्डर आहे, नेऊन वापरा. फक्त नायट्रेट बाथच्या शेडकडनं येऊ नका, पुढच्या गेटनं या.